पाहुणी पोचेपर्यंत

ग्लाफिरा सेम्योनोव्हना दर उन्हाळ्यात मॉस्कोहून रोस्तोवला यायच्या त्या, त्यांच्याच शब्दांत, इतिहास बघायला. इतिहास गढीत आणि मठात होता, पण राहायच्या त्या भावाकडे, नेरो सरोवराच्या काठच्या लाकडी घरात, आणि तिथे इतिहासाशी काडीचाही संबंध नसलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांच्या नजरेला पडायच्या. भावजयीने, म्हणजे रिम्माने, पडदे शेवटचे कधी धुतले हे त्यांना दारातूनच कळायचं. सूपातला कोबी किती वेळ उकळला हे न चाखता कळायचं. शाळेत उपमुख्याध्यापिका म्हणून जन्म काढलेल्या बाईला समोर दिसेल त्याला गुण दिल्याशिवाय राहवत नाही, आणि रिम्मा आजवर कधी काठावर पास होण्यापलीकडे गेली नव्हती.

एरवी रिम्मा दातओठ खाऊन ते दोन आठवडे काढायची. यंदा मात्र तिची मान अडकली होती. तिची एकुलती एक मुलगी वार्या हिला मॉस्कोत, जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. प्रवेश मिळाला, वसतिगृहात खाट मात्र मिळाली नाही. मॉस्कोत खोली भाड्याने घ्यायची तर येफीमने, म्हणजे रिम्माच्या नवऱ्याने, पर्यटकांना मोटारबोटीतून सरोवर दाखवायचं सोडून सरोवरच विकायला काढलं पाहिजे होतं. आणि तिकडे ग्लाफिरा सेम्योनोव्हनांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. एका खोलीत त्या, दुसऱ्या खोलीत एक पियानो आणि एक रबराचं झाड. पियानो कुणी वाजवत नव्हतं, आणि झाडाला कॉलेजात जायचं नव्हतं.

"विचार की सरळ," येफीम म्हणाला होता. "बहीण आहे माझी, वाघीण नाही."

"तुझी बहीण आहे ना? मग तू विचार."

यावर येफीम बोटीचं इंजिन बघायला निघून गेला.

सरळ विचारणं रिम्माच्या स्वभावात नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने नणंदेकडे चार दिवसांसाठी शिलाई मशीन मागितलं होतं. मशीन मिळालं, पण वस्तू कशा वापराव्यात यावर जे व्याख्यान मिळालं ते तिला अजून पाठ होतं. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, या बाईपुढे तोंड उघडून काही मागायचं नाही. बाईच्या मनात आपोआप यायला हवं, आणि आपण फक्त वारा घालायचा.

मग काय, दोन आठवडे रिम्मा वारा घालत राहिली. पाहुण्यांच्या जुन्या सपाता टाकून लोकरीचं अस्तर असलेल्या नव्या आणल्या. रोज एक नवा पिरोग, म्हणजे आत सारण भरलेला पाव, भाजला. एक दिवस माशाचा, एक दिवस अंडी आणि पातीच्या कांद्याचा, एक दिवस बिलबेरीचा, ज्याने नणंदबाईंचे दात जांभळे झाले आणि त्यांनी "रंग जास्त, गोडी कमी" असा शेरा दिला. खिडकीजवळची, सरोवर दिसणारी चांगली खाट त्यांना दिली. सकाळी त्या उठून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय हे सरोवर! हिरवं, गढूळ, आणि गुडघाभर पाणी. बशीत सांडलेला चहासुद्धा याहून खोल असतो." रोस्तोवच्या माणसाने नेरोला काहीही म्हणावं, खुशाल म्हणावं, पण मॉस्कोच्या माणसाने म्हटलं की अंगाची लाही होते. रिम्मा ती लाही गिळून त्यांना मुरंबा वाढायची.

जेवताना ती विषय काढायचीही, पण लांबून.

"मॉस्कोत तरुण मुलीला एकटीनं राहणं अवघडच, नाही का, ग्लाफिरा सेम्योनोव्हना?"

"अवघड कसलं? मी राहतेच की."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला घर आहे."

"हो," नणंदबाई म्हणायच्या, "आणि ते आवरायला किती पडतं! दोन खोल्या म्हणजे काय चेष्टा आहे?"

येफीम ताटात डोकं घालून जेवायचा. वार्या खालमानेने पावाचे तुकडे करायची. एकदा तिने तोंड उघडलं, "आत्या, मी..." तेवढ्यात रिम्माने टेबलाखालून तिच्या पायावर अशी टाच ठेवली की पोरीला पुढचं वाक्य सुचलंच नाही.

एकदा येफीमने बहिणीला बोटीतून फुकट फिरवून आणलं. त्याचा बेत असा की पाण्यावर, गढीतल्या घंटा वाजत असताना, माणसाचं मन हलकं होतं. घंटा वाजल्या. येफीमने नेहमीप्रमाणे पर्यटकांना सांगितलं की त्या दूरवर, सरोवराच्या पार पलीकडे ऐकू येतात. नणंदबाई बोटीच्या टोकाशी बसून म्हणाल्या, "वारा तिकडचा असेल तर. नसेल तर मठापर्यंतही येत नाहीत." मग त्यांनी कुठल्या राजाने काय बांधलं ते सगळं नीट क्रमवार सांगायला घेतलं, आणि बोटीतल्या लोकांनी उरलेले प्रश्न येफीमला न विचारता त्यांना विचारले. धक्क्यावर उतरताना एकाने तर त्यांना बक्षिसीही दिली. त्यांनी ती घेतली.

शेवटचा दिवस उजाडला तरी बाईंच्या मनात आपोआप काही आलं नव्हतं. रिम्माने कांद्याची एक लांबलचक वेणी गुंफली, मुरंब्याच्या बरण्या बांधल्या, वाटेत खायला पिरोग बांधला. टॅक्सी फाटकाशी आली. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं असतं, तसे सगळे बसले. नणंदबाई आपल्या पेटीवर, येफीम उंबऱ्याजवळच्या स्टुलावर, वार्या आणि रिम्मा बाकावर. बोलायचं नसतंच त्यात, पण रिम्मा मनातल्या मनात ओरडत होती. 'आता तरी म्हण, बाई. आता तरी म्हण.'

ग्लाफिरा सेम्योनोव्हना उठल्या, टोपी सारखी केली, आणि म्हणाल्या, "मॉस्कोत खोल्यांची भाडी फार वाढलीत म्हणे."

आणि गेल्या. वार्या पेटी घेऊन स्टेशनपर्यंत सोडायला गेली.

टॅक्सीचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू येईनासा झाला आणि रिम्माने बादली उचलली.

आता हे नीट समजून घेतलं पाहिजे. पाहुणा गेला की तो घरी पोचल्याचं कळेपर्यंत जमीन पुसायची नसते. केर काढायचा नसतो. पुसली तर त्याची वाटच पुसली जाते, तो पुन्हा कधी त्या घरी येत नाही. रोस्तोवमध्ये ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. रिम्माच्या सासूने तर एकदा पाहुणा सायबेरियात उतरल्याची तार येईपर्यंत घरात काही पुसलं नव्हतं, आणि तिच्या चुलीभोवती पिठाचा थर जमला होता. रिम्माने स्वतः आजवर कुणाच्याही मागे फडकं फिरवलं नव्हतं, अगदी न आवडणाऱ्या पाहुण्याच्याही नाही. आज तिने बादलीत गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, फडकं पिळलं, आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यापासून दाराकडे पुसत निघाली. म्हणजे जायचं ते दाराबाहेर जावं.

येफीम टेबलाशी उरलेला पिरोग खात होता. त्याने दोन्ही पाय वर घेतले.

"अगं, काय करतेयस? ती अजून स्टेशनलाही पोचली नसेल!"

"म्हणूनच!"

"रिम्मा, माझी बहीण आहे ती."

"आहे ना? मग तू जा मॉस्कोला तिला भेटायला. इकडे नको." फडक्याचा एक फटकारा टेबलाखालून गेला. "दोन आठवडे! सपाता आणल्या. लोकरीचं अस्तर! 'भाडी वाढलीत म्हणे!' पाय वर धर."

"वरच धरलेत."

"आणखी वर!"

एका गोष्टीची तिला खात्री होती. ग्लाफिरा सेम्योनोव्हना परत फिरणाऱ्या नव्हत्या. निघाल्यावर मागे वळून घरी येणं अपशकुनी, आणि याबाबतीत त्या रिम्माच्या सासूच्याही वरताण. एकदा चष्मा विसरून गेल्या होत्या, फाटकाशी लक्षात आलं, तरी वळल्या नाहीत. मॉस्कोपर्यंत आंधळ्यासारख्या गेल्या आणि चष्मा टपालाने मागवला. तेव्हा रिम्मा निर्धास्त होती. आतली खोली झाली, स्वयंपाकघर झालं, ती आता बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून दाराशेजारचा पट्टा जोर लावून घासत होती, जिथे नणंदबाईंची पेटी टेकली होती. तोंडाने काहीबाही पुटपुटत होती. त्यात एकही चांगला शब्द नव्हता.

एवढ्यात दार उघडलं.

ग्लाफिरा सेम्योनोव्हना आत आल्या. कुणाकडेही न बघता सरळ आरशासमोर गेल्या, कारण परत यावं लागलंच तर आधी आरशात बघायचं असतं, म्हणजे अपशकुन उतरतो. त्यांनी आरशात बघितलं. स्वतःचं तोंड बघितलं, टोपी बघितली, आणि टोपीच्या खाली, मागच्या बाजूला, बादली आणि रिम्मा बघितली.

त्यांच्या मागोमाग वार्या पेटी घेऊन, हसत, धापा टाकत आली. "आई! आई, आत्या..." आणि तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. ओली जमीन खिडकीतल्या उन्हात चकचकत होती. वार्याचं हसू जिथल्या तिथे विरलं.

येफीमचे पाय अजून वरच होते.

"चहा सांडला होता," रिम्मा म्हणाली.

नणंदबाई आरशातच बघत होत्या. "कुठे?"

"इथे."

"आणि तिथे? खिडकीपाशी?"

"तिथेही थोडा."

"आतल्या खोलीतही ओलं दिसतंय."

"तिथे... तिथे येफीमने सांडला."

येफीमने खोकून घेतलं.

"सोडा टाकून पुसलास चहा," नणंदबाई म्हणाल्या. "वास येतोय."

"आई," वार्या म्हणाली. "मी आत्याला टॅक्सीत विचारलं. सरळ विचारलं, तुझ्याकडे राहू का म्हणून. ती हो म्हणाली. तुला स्वतः सांगायचं म्हणून तिनं टॅक्सी वळवली. मी म्हटलं फोन कर, तर म्हणाली असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. चष्म्यासाठी वळली नव्हती, आई. यासाठी वळली."

रिम्माच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. दोन आठवडे ज्या एका शब्दासाठी तिने पिरोग भाजले तो शब्द दारातून आत आला होता, आणि तिने त्याच्या तोंडावर सोड्याचं पाणी फेकलं होतं. एवढी मूर्ख बाई सरोवराच्या या काठाला किंवा त्या काठाला दुसरी नसेल, असं तिला वाटलं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

"म्हणाले होते," ग्लाफिरा सेम्योनोव्हना म्हणाल्या. "होते."

येफीमला वाटलं आता आपण मध्ये पडलं पाहिजे. तो पाय खाली न सोडताच बोलू लागला. "हे बघ ग्लाशा, विचार कर. फडकं मारलं की पाहुणा परत येत नाही, बरोबर? तू तर परत आलीस. म्हणजे ते लागूच पडलं नाही. म्हणजे रिम्मानं पुसलं काय, न पुसलं काय, हिशेब एकच."

"तू गप्प बस, येफीम," दोघी एकदम म्हणाल्या.

मग रिम्मा उठली. गुडघे ओले, केस कपाळावर, हात लाल. आणि जे तिच्याने दोन आठवडे, खरं तर लग्नापासून झालं नव्हतं, ते झालं.

"हो, पुसली," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा येऊ नये म्हणूनच पुसली. चहाबिहा काही सांडला नाही. तुम्ही माझ्या सूपाला नावं ठेवता, पडद्यांना ठेवता, आमच्या सरोवराला ठेवता. त्या सरोवरावर आम्ही जगतो, ग्लाफिरा सेम्योनोव्हना, उथळ असलं तरी. मला राग आला आणि मी पुसली. माझं चुकलं. मला काय बोलायचं ते बोला, पुन्हा येऊ नका, नाही तर रोज या, पण त्या पोरीनं काही केलेलं नाही. तिला ठेवून घ्या. मी मागते तुमच्याकडे. तोंड उघडून मागते. तिला ठेवून घ्या."

ग्लाफिरा सेम्योनोव्हना आरशापासून वळल्या. वार्याने खोलीच्या मधोमध पेटी टेकवली होती, तिच्यावर बसल्या. बसल्यावर त्या एकदम लहानखुऱ्या दिसायला लागल्या. रिम्माला त्या आजवर तशा कधी दिसल्या नव्हत्या.

"तुला बोलता येतं की," त्या म्हणाल्या. "मग दोन आठवडे काय मला पिरोग भरवत होतीस? रोज वाटायचं, आज विचारेल. आज विचारेल. तू आपली मुरंबा पुढे सरकवतेस. मी म्हटलं, हिला मुलगी माझ्याकडे ठेवायचीच नसेल. म्हातारीच्या घरात कशाला, म्हटलं असेल."

"मला वाटलं, तुम्हाला आवडायचं नाही. तुमची ती खोली, पियानो..."

"पियानो!" नणंदबाई जवळजवळ ओरडल्या. "तुला माहितीये माझ्याकडे कोण येतं? मीटर बघायला येतो तो. तो एकटा. येतो, मीटर बघतो, जातो. आणि तो गेल्यावर मी जमीन पुसत नाही, रिम्मा. दुसऱ्या दिवसापर्यंत फडक्याला हात लावत नाही. त्याच्या बुटांचे ठसे तसेच ठेवते. म्हटलं, निदान तो तरी पुन्हा यायला हवा."

येफीमने पाय खाली सोडले. तो बहिणीकडे बघत राहिला आणि मग त्याने तिच्यापुढे पिरोगाची बशी सरकवली.

त्यांनी पिरोग खाल्ला नाही. त्या उठल्या, आणि बाहेरचे बूट तसेच पायात ठेवून, गल्लीतल्या चिखलासकट, ओल्या जमिनीवरून चालत सुटल्या. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून चुलीपर्यंत, मग आतल्या खोलीत, खाटेभोवती एक फेरी, आणि परत. एकही कोपरा सोडला नाही. रिम्माच्या घरात आजवर कुणी बूट घालून उंबऱ्याच्या आत दोन पावलंसुद्धा टाकली नव्हती. येफीमने एकदा टाकली होती, तर त्याला रात्रीचं जेवण बोटीत मिळालं होतं. आज रिम्मा भिंतीला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. चालून झाल्यावर नणंदबाईंनी आपल्या ठशांकडे समाधानाने पाहिलं.

"आता झालं बरोबर. गाडी तर गेलीच. पोरीचं कॉलेज सुरू व्हायला आठवडा आहे, तिला घेऊनच जाईन. तोवर राहते." बूट काढून त्यांनी लोकरीच्या सपाता घातल्या. "सूप कोबीचंच कर. पण या वेळी मी सांगेन तेव्हा उतरव."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. पडदे दोनदा धुतले गेले. कोबी नणंदबाईंच्या घड्याळावर उकळला, आणि येफीमने चोरून सांगितलं की तो पूर्वीच चांगला होता. रिम्मा आता मनात ठेवत नव्हती. "नाही आवडलं तर नका खाऊ," असं तोंडावर म्हणायची, आणि आश्चर्य म्हणजे नणंदबाई खायच्या. दोघी भांडायच्या, मग चहा प्यायच्या, मग वार्याने मॉस्कोत टोपी घालून फिरावं की नाही यावर पुन्हा भांडायच्या.

मग निघायचा दिवस आला. सकाळी पाऊस पडून गेला होता. वार्याने सामान फाटकापर्यंत दोन खेपांत नेऊन टॅक्सीत भरलं. मग दोघी बुटांसकट आत येऊन, रीतीप्रमाणे बसल्या. घटकाभर तिघी गप्प. या वेळी कुणाच्या मनात काही ओरडत नव्हतं. वार्या उठली, आईच्या गळ्यात पडली, आणि गेली. वळून बघितलं नाही. तिला आत्याने बजावलं होतं.

घरात रिम्मा एकटी राहिली. येफीम पर्यटकांना घेऊन पाण्यावर गेला होता. बाकापासून दारापर्यंत चिखलाचे दोन जणींचे ठसे होते, एक रुंद टाचेचे, एक वार्याच्या बुटांचे. रिम्माने दिवसभर बादलीकडे पाहिलं नाही. जेवण करावंसं वाटलं नाही. वार्याच्या खोलीत जाऊन ती एकदा उशी सारखी करून आली आणि मग पुन्हा एकदा करून आली.

संध्याकाळी फोन वाजला. "पोचलो," ग्लाफिरा सेम्योनोव्हनांचा आवाज आला. मागून वार्या पियानोवर एकाच बोटाने काहीतरी बडवत होती. "पोचली तुझी पोरगी, सुखरूप. जेवली पण. आता पूस तू जमीन. आणि बाकाखाली नीट पूस, तिथे तू नेहमी चुकवतेस."

"पुसते," रिम्मा म्हणाली.

फोन ठेवून ती तशीच उभी होती. दार उघडलं. येफीम भिजून, थकून आला, आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"येफीम!" ती एवढ्यांदा ओरडली की तो एका पायावर थांबला. "डोळे फुटलेत का तुझे? बाजूने ये."

येफीमने खाली पाहिलं. मग बूट बाहेर काढून हातात घेतले, आणि भिंतीला पाठ लावून, वार्याच्या पावलांना धक्का न लावता, हळूहळू आत आला.